गोल्फमधील अंतराचा अंदाज व काठीची निवड

गोल्फ या मैदानी खेळात दूरचा फटका मारण्यापूर्वी चेंडूपासून लक्ष्यापर्यंतचे अंतर ठरविणे आणि त्या अंतरास योग्य अशी काठी, म्हणजेच क्लब, निवडणे या दोन निर्णयांस मध्यवर्ती स्थान आहे. क्रिकेट, हॉकी यांसारख्या खेळांत खेळाडू एकाच साधनाने सर्व फटके मारतो. गोल्फमध्ये मात्र प्रत्येक फटक्यास साधन बदलता येते आणि बहुधा बदलावेच लागते. त्यामुळे काठी हातात घेण्यापूर्वीच खेळाडूच्या पारखीची कसोटी लागते. चेंडू स्थिर असतो, प्रतिस्पर्धी आडवा येत नाही, विचारास अवधीही मिळतो. आणि तरीही चुकलेल्या फटक्यांपैकी पुष्कळसे हाताच्या दोषाने नव्हे, तर अंतराच्या चुकीच्या अंदाजाने वाया जातात.

नजरेने अंतर सांगणे व ते काठीने पडताळणे ही कल्पना महाराष्ट्रास अपरिचित नाही. विटीदांडूच्या काही प्रकारांत विटी जेथे पडेल तेथपर्यंत किती दांडू भरतील, हे खेळणारा गडी अंदाजाने मागतो. प्रतिपक्षास मागणी अधिक वाटली, तर जमीन मोजली जाते व मागणीइतके दांडू न भरल्यास गडी बाद होतो. जमीनमोजणीच्या जुन्या मराठी कोष्टकातही पाच हात व पाच मुठी लांबीच्या मापास ‘काठी’ असेच नाव होते. गोल्फमध्ये हा क्रम उलटा आहे. येथे अंदाज आधी चुकतो आणि शिक्षा नंतर, पुढच्या फटक्याच्या रूपाने, भोगावी लागते.

खेळाची भूमी : गोल्फचा विकास स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर झाला. १४५७ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाच्या काळातील पार्लमेंटने धनुर्विद्येच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून या खेळास बंदी केली होती; तीवरून तो त्या काळी चांगलाच रूढ असावा, असे दिसते. एडिंबरोजवळील लीथ येथे १७४४ मध्ये खेळाचे १३ लेखी नियम करण्यात आले. समुद्र व शेतजमीन यांच्या दरम्यानचा वालुकामय, खुरट्या गवताचा, वाऱ्याने घडविलेल्या उंचवट्यांचा जो पट्टा असतो त्यास तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. जुनी मैदाने अशाच पट्ट्यांवर वसली. सेंट अँड्रूज येथील मैदान त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. समुद्र आणि लागवडीची जमीन यांना जोडणाऱ्या अशा पट्ट्याची स्थूल कल्पना पालघर जिल्ह्यातील डहाणूपासून बोर्डी–झाईपर्यंतच्या किनाऱ्यावरून येऊ शकते. तेथेही एका बाजूस पुळण, दुसऱ्या बाजूस चिकूच्या वाड्या आणि मध्ये सुरूची झाडे असलेली रेताड जमीन आढळते. स्कॉटलंडच्या पट्ट्यावर मात्र झाडे जवळजवळ नसत. अंतर ताडण्यास आधार देणारी खूण नाही व वारा सतत बदलता, अशा भूमीवर हा खेळ वाढला. म्हणून अंदाज हा त्याचा आरंभापासूनचाच भाग ठरला.

चेंडू व काठ्या : काठीची निवड ही चेंडूच्या गुणधर्माशी निगडित असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला चेंडू वापरात होता. तो चांगल्या खेळाडूच्या हातून दीडशे ते पावणेदोनशे वार जाई. परंतु भिजला की जड होई आणि फुटेही. त्याच्यासाठी लांब, निमुळत्या डोक्याच्या लाकडी काठ्या असत व काठ्यांची संख्या थोडी असे. १८४८ च्या सुमारास मलाया द्वीपकल्पाकडील एका झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू प्रचारात आला. तो स्वस्त व टिकाऊ असल्याने खेळाचा प्रसार झाला. कठीण चेंडूवर लोखंडी काठीचा आघात निर्धास्तपणे करता येऊ लागल्यामुळे लोखंडी काठ्यांचे प्रकारही वाढले. कोबर्न हॅस्केल या अमेरिकनाने १८९९ मध्ये रबराचे धागे गुंडाळून केलेल्या चेंडूचे एकस्व घेतले. सँडी हर्ड याने १९०२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा असा चेंडू वापरून जिंकल्यावर जुना चेंडू झपाट्याने मागे पडला. इंग्लंडमध्ये विल्यम टेलर याने १९०५ मध्ये चेंडूच्या पृष्ठावरील खळग्यांचे एकस्व मिळविले. हे खळगे हवेचा विरोध कमी करतात आणि मागे फिरत जाणाऱ्या चेंडूस उचल देतात. चेंडूच्या प्रत्येक बदलाबरोबर खेळाडूस आपल्या मनातील अंतरांचे कोष्टक नव्याने मांडावे लागले.

मुंबई इलाख्यातील आरंभ : ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्यास १८२९ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर १८४२ मध्ये मुंबईस क्लब निघाला. तो पुढे ‘रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब’ म्हणून ओळखला गेला. किल्ल्याच्या तटाबाहेरील एस्प्लनेड या मोकळ्या जागेवर हा खेळ चाले. तटावरील तोफांच्या माऱ्यास आडकाठी होऊ नये म्हणून ही जमीन इमारतींपासून मुक्त ठेवलेली होती. आजची ओव्हल, क्रॉस व आझाद ही मैदाने तिचेच अवशेष होत. म्हणजे पल्ल्याच्या हिशोबातून मोकळ्या राहिलेल्या भूमीवर पल्ल्याचा हिशोब करणारा खेळ आला. या क्लबाने १८४५ मध्ये सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबास एक रौप्यपदक दिले व ते ‘बॉम्बे पदक’ याच नावाने ओळखले जाते. मुंबईचा तो क्लब मात्र टिकला नाही.

भारतात हा खेळ प्रामुख्याने व्यापारी पेढ्यांतील स्कॉटिश लोकांनी व लष्करी अधिकाऱ्यांनी आणला. या अधिकाऱ्यांस अंतराचा अंदाज हा विषय नवीन नव्हता. इंग्लंडमध्ये हाइथ येथे १८५३ मध्ये बंदूक चालविण्याच्या शिक्षणासाठी विद्यालय स्थापन झाल्यावर नजरेने अंतर ओळखण्याची कवायत ब्रिटिश सैन्याच्या शिक्षणाचा भाग बनली. किती अंतरावरून माणसाचा चेहरा ओळखू येतो, किती अंतरावर केवळ आकृती उरते, अशा खुणांवरून शिपायास अंतर सांगावे लागे. लष्करी ठाणी व थंड हवेची ठिकाणे येथे गोल्फची मैदाने निघाली, हे या दृष्टीने स्वाभाविक होते. पुण्यास येरवडा येथे, तसेच नाशिक येथे मैदाने होती. नाशिकमधील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान अद्यापही लोकांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणूनच आहे.

मुंबईत १९१८ च्या सुमारास विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब सुरू झाला. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघालेल्या या क्लबात भारतीय व यूरोपीय अशा दोहोंस सभासदत्व खुले होते, ही त्या काळी लक्षणीय गोष्ट होती. १९२७ मध्ये चेंबूर येथे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. कुलाब्याच्या टोकाशी युनायटेड सर्व्हिसेस क्लबाचे नऊ होलांचे मैदान समुद्रालगत आहे. भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, तरी गोल्फच्या मैदानांवर वार, म्हणजे यार्ड (०·९१४४ मी.), हेच माप प्रचलित राहिले. प्रस्तुत नोंदीतही तेच वापरले आहे.

कॅडीचे ज्ञान : काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस म्हणजे कॅडी. चेंडू कोठे पडतो हे पाहण्यासाठी जो पुढे जाऊन उभा राहतो, त्यास भारतीय मैदानांवर ‘आगेवाला’ म्हणण्याचा प्रघात आहे. मैदानावर अंतरदर्शक खुणा नसण्याच्या काळात अंतराचे ज्ञान मुख्यतः या लोकांपाशी होते. सभासद आठवड्यातून एकदोनदा खेळे. कॅडी रोज चाले. अमुक झाडापाशी पडलेला चेंडू हिरवळीवर नेण्यास कोणत्या साहेबाला कोणती काठी लागली, हे तो शेकडो वेळा पाहत असे. त्यामुळे त्याच्या मनात अंतर हे वारांत नव्हे, तर काठ्यांत साठविलेले असे. ‘येथून पाच नंबर’ हे त्याचे उत्तर म्हणजे अंतर, चढ, वारा व खेळाडूची ताकद या सर्वांची एकत्रित बेरीज होती.

हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नोंदलेले नव्हते आणि त्याचे मोल दिवसाच्या मजुरीपलीकडे होत नसे. ज्याच्यापाशी ते होते त्यास क्लबात सभासद म्हणून प्रवेश नव्हता. अनेक ठिकाणी मैदान सभासदांस बंद असे त्या दिवशीच कॅडींना खेळावयास मिळे. तरीही या वर्गातून उत्तम खेळाडू निर्माण झाले. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६४ मध्ये सुरू झाली. १९६५ मध्ये ती जिंकणारे पहिले भारतीय बिल्लू सेठी हे हौशी खेळाडू होते. भारतीय व्यावसायिकास मात्र हे यश मिळण्यास १९९१ उजाडावे लागले आणि ते मिळविणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढलेला होता. त्याने १९९३ मध्येही ही स्पर्धा जिंकली.

नावांकडून क्रमांकांकडे : विसाव्या शतकाच्या आरंभी काठ्यांना स्वतंत्र नावे होती. लांब पल्ल्याच्या लाकडी काठ्यांत ड्रायव्हर, तळाशी पितळी पट्टी असलेली ब्रॅसी व स्पून. लोखंडी काठ्यांत क्लीक, मिडआयर्न, मॅशी, मॅशी-निब्लिक, निब्लिक इत्यादी. प्रत्येक कारागिराची मॅशी निराळी असे. हिकरी लाकडाच्या दांड्यांचा लवचिकपणाही सारखा नसे. त्यामुळे खेळाडू एकेक काठी पारखून आपला संच जमवीत. अमेरिकेच्या नियामक संस्थेने १९२४ मध्ये व सेंट अँड्रूजच्या क्लबाने १९२९ मध्ये पोलादी दांड्यास मान्यता दिली. दांडे एकसारखे होऊ लागताच काठ्यांचे क्रमवार संच बनविणे शक्य झाले आणि १९३० च्या सुमारास नावांची जागा क्रमांकांनी घेतली. क्रमांक जितका मोठा तितका काठीच्या मुखाचा कल अधिक, चेंडू तितका उंच व पल्ला तितका कमी, ही व्यवस्था रूढ झाली. क्रमांक आले तसा संचही फुगला. काही खेळाडू पंचविसांहून अधिक काठ्या बाळगू लागले. दोन काठ्यांच्या मधल्या अंतरासाठी अर्धा फटका मारण्याचे कसब त्यामुळे लोपेल, अशी टीका होऊ लागली. अखेरीस अमेरिकेत १९३८ मध्ये व ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये काठ्यांची कमाल संख्या १४ ठरविण्यात आली. ती मर्यादा कायम आहे.

क्रमांकाने मिळालेली निश्चितता मात्र मर्यादितच ठरली. क्रमांक हा कलाचे प्रमाणित माप नाही. सात क्रमांकाच्या लोखंडी काठीचा कल १९७० च्या सुमारास ३८ अंशांच्या आसपास असे. पुढे तो कमी होत जाऊन ३० ते ३४ अंश, क्वचित त्याहूनही कमी झाला. आजची सात क्रमांकाची काठी पूर्वीच्या सहा किंवा पाच क्रमांकाच्या काठीचे काम करते ती मुख्यतः यामुळे. म्हणून दुसऱ्याने कोणती काठी वापरली हे पाहून आपली काठी ठरविणे फसवे असते.

दूरच्या फटक्यातील निवडीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेत ऑगस्टा येथे ७ एप्रिल १९३५ रोजी जीन सॅराझेन याने मारलेला फटका. पुढे ‘मास्टर्स’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या स्पर्धेच्या अखेरच्या फेरीत तो तीन फटक्यांनी मागे होता. पंधराव्या होलवर ध्वज सु. २३५ वार दूर व मध्ये पाणी होते. नुसते अंतर पाहता तीन क्रमांकाची लाकडी काठी योग्य ठरली असती. परंतु चेंडू गवतात किंचित रुतलेला असल्याने तीवरून तो पुरेसा उंच उठणार नाही, असे त्यास वाटले. कॅडीशी विचारविनिमय करून त्याने अधिक कलाची चार क्रमांकाची काठी घेतली. चेंडू थेट होलमध्ये गेला. त्याने बरोबरी साधली व दुसऱ्या दिवशी क्रेग वुडविरुद्धचा निर्णायक सामना जिंकला. चेंडू होलमध्ये जाणे हा दैवाचा भाग होता; काठीची निवड मात्र दैवाची नव्हती. चेंडू कसा पडला आहे, हा प्रश्न तो किती दूर आहे या प्रश्नाच्या आधीचा असतो, हे या फटक्याने दाखविले.

मोजणीचे युग : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नामांकित व्यावसायिकही नजरेनेच अंतर ठरवीत. मैदान पावलांनी मोजून ठेवण्याची पद्धत जीन अँड्रूज व डीन बीमन या अमेरिकन हौशी खेळाडूंनी अवलंबिली. बीमन याच्या सूचनेवरून जॅक निक्लस याने १९६१ मध्ये पेबल बीच येथील राष्ट्रीय हौशी अजिंक्यपद स्पर्धेपूर्वी झाडे, बंकर इ. ठळक खुणांपासून हिरवळीपर्यंतची अंतरे मोजून टिपून ठेवली आणि स्पर्धा जिंकली. पुढे त्याने ही सवय व्यावसायिक खेळात नेली व तिचे अनुकरण सर्वत्र झाले. अंतरांच्या वह्या निघाल्या. मैदानांवर १००, १५० व २०० वारांच्या खुणा बसविण्यात आल्या. जे कॅडीच्या स्मरणात होते ते आता कागदावर आले.

पुढील टप्पा उपकरणांचा होय. लेसर अंतरमापक प्रकाशाचा स्पंद ध्वजाकडे सोडून तो परत येण्यास लागलेला वेळ मोजतो. दीडशे वारांच्या अंतरासाठी हा वेळ एका सेकंदाच्या दहालक्षांशाहूनही थोडा कमी असतो. उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चितीची अचूकता अमेरिकेने मे २००० मध्ये नागरी वापरासाठी खुली केल्यावर त्या तत्त्वावरील उपकरणेही आली. नियामक संस्थांनी २००६ पासून स्थानिक नियमाद्वारे अंतरमापकांस मुभा दिली. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार स्थानिक नियमाने मनाई नसल्यास ती सर्वत्र ग्राह्य ठरली. मात्र चढउताराचा हिशोब करून देणे, वाऱ्याचा वेग मोजणे किंवा कोणती काठी घ्यावी हे सुचविणे यांसाठी फेरी चालू असताना उपकरण वापरण्यास नियमांची संमती नाही.

मोजलेले अंतर व खेळावयाचे अंतर : उपकरण दाखविते ते भूमितीय अंतर. खेळाडूस हवे असते ते, सपाट जमिनीवर व निवाऱ्यात किती लांबीचा फटका मारावा लागेल, याचे उत्तर. या दोहोंत फरक पाडणारे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत.

(१) वारा : समोरचा वारा जितके नुकसान करतो तितका पाठीवरचा वारा लाभ देत नाही. ढोबळ नियम असा की, ताशी १६ किमी. वेगाचा समोरचा वारा अंतर सु. १० टक्क्यांनी वाढवितो व तितकाच पाठीवरचा वारा ते सु. ५ टक्क्यांनी घटवितो. समोरच्या वाऱ्यात जोर लावून मारल्यास चेंडूची फिरकी वाढते, तो उंच चढतो व आखूड पडतो. म्हणून जोर न वाढविता एकदोन क्रमांकांनी लांब पल्ल्याची काठी घेऊन सावकाश मारणे श्रेयस्कर.

(२) उंचसखलपणा : हिरवळ चेंडूपेक्षा जितके वार उंच तितके वार अंतरात मिळवावे व जितके वार खाली तितके, किंवा थोडे कमी, वजा करावे असा सर्वसाधारण हिशोब आहे.

(३) हवेची घनता : समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवरील पुण्यास हवा मुंबईपेक्षा विरळ असल्याने चेंडू सु. दोन टक्के अधिक जातो. दीडशे वारांमागे हा फरक तीन वारांचा असतो. उष्ण हवाही विरळ असते. म्हणून थंडीतील पहाट व एप्रिलमधील दुपार यांत एकाच काठीचा पल्ला काही वारांनी बदलतो. दमट हवेत चेंडू जड जातो, हा समज बरोबर नाही. बाष्पयुक्त हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. पावसाळ्यात पल्ला घटतो तो ओला चेंडू, ओले गवत व भिजलेली जमीन यांमुळे.

(४) जमीन : फटक्याचे एकूण अंतर म्हणजे हवेतील उड्डाण व पडल्यानंतरची घरंगळ यांची बेरीज. महाराष्ट्रातील मैदानांवर घरंगळीचे प्रमाण ऋतूनुसार फार बदलते. चिखलात चेंडू पडल्या जागी थांबतो, तर उन्हाने टणक झालेल्या जमिनीवर पुष्कळ पुढे जातो.

उदा., समुद्रकाठच्या एखाद्या होलवर ध्वज १६० वारांवर व हिरवळ पाच वार उंचावर आहे, असे समजू. जुलैमध्ये समोरून ताशी १६ किमी. वेगाने नैर्ऋत्येचा वारा असेल, तर १६० + १६ + ५ = १८१ वारांचे उड्डाण हवे; घरंगळ धरावयाची नाही. डिसेंबरातील सकाळी त्याच वेगाचा वारा भूमीकडून समुद्राकडे, म्हणजे पाठीमागून वाहत असेल, तर १६० – ८ + ५ = १५७ वार होतात. कोरड्या जमिनीवर बारा वारांची घरंगळ धरल्यास १४५ वारांचे उड्डाण पुरते. लागोपाठच्या दोन लोखंडी काठ्यांच्या पल्ल्यांत सामान्यतः दहा ते पंधरा वारांचा फरक असतो. म्हणजे ध्वज जागचा न हालता दोन ऋतूंत सु. तीन काठ्यांचे अंतर पडले. उपकरण दोन्ही वेळी १६० हाच आकडा दाखवील.

दृष्टिभ्रम : मधल्या जमिनीवर नजर टेकण्यास काही नसेल, तर अंतर कमी भासते. ओहोटीच्या वेळी झाईच्या पुळणीवर उभे राहिले असता ओल्या वाळूच्या सपाटीपलीकडील होडी वास्तविकापेक्षा जवळ वाटते, याचे कारण हेच. तळे वा दरी ओलांडून मारावयाच्या फटक्यात हीच चूक होते. हिरवळीपासून बऱ्याच अलीकडे बांधलेला बंकर व त्यामागील झाकलेली सखल जमीन यांमुळेही ध्वज बंकराला खेटून असल्याचा भास होतो. मैदानांचे रचनाकार याचा जाणीवपूर्वक उपयोग करतात. ऑगस्टा येथील मैदानाची रचना बॉबी जोन्स याच्यासमवेत करणारे अॅलिस्टर मॅकेंझी हे मूळचे वैद्यक व्यवसायातील. बोअर युद्धात त्यांनी शत्रूच्या छद्मावरण-कौशल्याचे निरीक्षण केले होते व पहिल्या महायुद्धात त्या विषयात कामही केले. जमिनीचा आकार लपविण्याचे तेच तत्त्व त्यांनी गोल्फच्या मैदानांत वापरले. अंतरमापकाने हे भ्रम आकड्यापुरते दूर केले. परंतु डोळ्यास दिसते ते मनावर परिणाम करीतच राहते आणि बरोबर आकडा माहीत असूनही खेळाडू हात आखडता घेतो.

काठीची निवड : पहिली आवश्यकता म्हणजे आपल्या प्रत्येक काठीच्या सरासरी उड्डाणाचे ज्ञान. हौशी खेळाडू बहुधा आपला सर्वोत्तम फटका ध्यानात ठेवून काठी निवडतात. त्यामुळे त्यांचे बरेचसे फटके आखूड पडतात. दुसरी गोष्ट म्हणजे ध्वजाचे हिरवळीवरील स्थान. हिरवळीची खोली तीस वार असेल, तर तिच्या पुढच्या व मागच्या कडेतील फरक दोन ते तीन काठ्यांचा होतो. तिसरी, चुकीची दिशा. अलीकडे पाणी व मागे मोकळी जमीन असेल, तर दोन काठ्यांपैकी लांब पल्ल्याची घ्यावी. मागे उतार वा झाडी असल्यास आखूड पल्ल्याची घ्यावी. चौथी, चेंडूची स्थिती. उंच गवतात किंवा उतारावर चेंडू असता लांब पल्ल्याच्या, कमी कलाच्या काठीचा मोह टाळावा. दोनशे वारांच्या आसपासच्या फटक्यांसाठी पूर्वी दोन व तीन क्रमांकांच्या लोखंडी काठ्या वापरीत. त्या हाताळण्यास अवघड असल्याने एकविसाव्या शतकात त्यांची जागा बहुतेक हौशी खेळाडूंच्या संचात लाकडी व लोखंडी काठ्यांच्या गुणांचा मिलाफ असलेल्या संकरित काठ्यांनी घेतली.

या निवडीचे महत्त्व संख्याशास्त्रीय अभ्यासानेही स्पष्ट झाले आहे. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील फटक्यांच्या नोंदींचे विश्लेषण करून २०१४ मध्ये असे दाखविले की, आघाडीच्या खेळाडूंच्या सरसतेतील सर्वांत मोठा, म्हणजे सु. ४० टक्के वाटा शंभर वारांपलीकडून हिरवळीकडे मारलेल्या फटक्यांचा असतो. हिरवळीवरील हलक्या फटक्यांचा वाटा सु. १५ टक्केच भरला. सामने जवळच्या फटक्यांवर जिंकले जातात, या जुन्या समजास त्यामुळे धक्का बसला.

माहिती व सल्ला : गोल्फच्या नियमांनी या विषयात एक सूक्ष्म भेद केला आहे. अंतर ही सार्वजनिक माहिती होय. २००८ पासून नियमांत स्पष्ट केल्यानुसार ती प्रतिस्पर्ध्यास विचारता येते व सांगताही येते. कोणती काठी घ्यावी हा मात्र सल्ला ठरतो. तो केवळ आपल्या कॅडीकडून, अथवा जोडीने खेळताना आपल्या जोडीदाराकडून वा त्याच्या कॅडीकडून घेता येतो. इतरांस विचारल्यास दंड होतो. म्हणजे मापन सर्वांचे आणि पारख ज्याची त्याची, असे तत्त्व यामागे आहे. उपकरणांवरील निर्बंधही याच तत्त्वास अनुसरून आहेत.

मापन यंत्राकडे गेल्याने कॅडीच्या कामाचे स्वरूप पालटले. केवळ आकडा सांगणाऱ्याची गरज उरली नाही. अंतरमापक बाळगणारा व पिशवी गाडीवर ठेवणारा खेळाडू कॅडीवाचूनही फेरी पूर्ण करू शकतो; पिढ्यान् पिढ्या या कामावर उपजीविका केलेल्यांच्या दृष्टीने ही गोष्ट गौण नाही. दुसरीकडे, जे ज्ञान पूर्वी कॅडी बाळगू शकणाऱ्या सभासदासच मिळे, ते नवशिक्यासही सुलभ झाले. सिडकोने नवी मुंबईत खारघर येथे उभारलेल्या मैदानासारख्या, सभासदत्वाची अट नसलेल्या ठिकाणी खेळू लागणाऱ्यास याचा लाभ होतो.

तथापि कॅडी ज्यास ‘पाच नंबर’ म्हणत असे, ते उत्तर अद्याप कोणत्याही मान्यताप्राप्त उपकरणाने फेरीदरम्यान द्यावयाचे नाही. पाऊस नुकताच थांबला आहे, वारा झाडांच्या शेंड्यांवर आहे पण खाली नाही, समोरचा खेळाडू थकला आहे, हे पाहून एक काठी पुढे करणे ही निरीक्षणाने व दीर्घ अनुभवाने येणारी विद्या आहे. भारतातील गोल्फच्या इतिहासात ती दीर्घकाळ ज्यांनी जोपासली, त्यांची नावे पदकांवर व फलकांवर क्वचितच आढळतात. या खेळाचा वृत्तांत त्यांच्या उल्लेखावाचून पूर्ण होत नाही.